पूजनीय पिएर तुसाँ आणि त्यांचे गोरे मित्र

आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्या आईवडिलांपैकी काहींनी न्यूयॉर्कचे सेंट पॅट्रिक कथीड्रल पाहिले असेल आणि तिथले फोटोही आपल्याला दाखवले असतील. त्या भव्य कथीड्रलच्या मुख्य वेदीखाली एक तळघर आहे. न्यूयॉर्कच्या आर्चबिशपांना आणि कार्डिनलांना तिथे पुरले जाते. त्यांच्या सोबतीला तिथे एक प्रापंचिक माणूसही विसावला आहे. तो धर्मगुरू नव्हता की कोणी मोठा अधिकारी नव्हता. श्रीमंत बायकांच्या घरी जाऊन त्यांची केशरचना करणे हा त्याचा धंदा. रंगाने तो काळा होता आणि आयुष्याची कितीतरी वर्षे गुलाम होता. त्याचे नाव पिएर तुसाँ.

मध्यंतरी आपल्या युवकांच्या बैठकीत एक प्रश्न निघाला होता. जो माणूस आपल्याला जन्मावरून किंवा रंगावरून कमी लेखतो, त्याच्याशी मैत्री करून त्याचे मन बदलते का, की त्याच्याशी उघड भांडावेच लागते? प्रभू येशूने वैऱ्यावर प्रेम करायला शिकवले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या प्रेमाने वर्णद्वेष खरोखर कमी होतो का, असे विचारले की आपण मोठी माणसे जरा गडबडतो. त्या दिवशी आम्हीही गडबडलो. म्हणून या रविवारी उपदेश बाजूला ठेवून पिएर तुसाँ यांचे चरित्र सांगायचे ठरवले.

पिएर यांचा जन्म अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅरिबियन समुद्रातील साँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत झाला. तोच आजचा हैती देश. साखर आणि कॉफीच्या मळ्यांमुळे ती वसाहत फ्रान्सची सोन्याची कोंबडी होती आणि त्या मळ्यांवर पाच लाखांच्या आसपास आफ्रिकी गुलाम राबत होते. उसाच्या चरकात हात जाणे, चाबकाने पाठ सोलून निघणे, या तिथल्या रोजच्या गोष्टी. पिएर मात्र बेरार नावाच्या मळेवाल्याच्या घरात वाढले. त्यांची आई आणि आजी घरकामातल्या गुलाम होत्या. त्यामुळे पिएर यांना ऊसतोडणीला जावे लागले नाही. त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि मालकाची लहान मुलगी ऑरोर हिला त्यांची धर्ममाता केले गेले. ते लिहायला-वाचायलाही शिकले. गुलामाच्या नशिबी हे सहसा येत नसे. पुढे ऑरोर पॅरिसला राहिली, पण तिचा आणि पिएर यांचा पत्रव्यवहार ती असेपर्यंत चालू होता.

त्या शतकाच्या अखेरीस वसाहतीत अशांतता वाढू लागली, तेव्हा तरुण मालक जाँ बेरार पत्नीला आणि पाच गुलामांना घेऊन न्यूयॉर्कला आला. त्या पाचांत पिएर आणि त्यांची बहीण रोझाली होते. थोडे दिवस राहून परत जायचे, असा बेत होता. पिएर याला काहीतरी हुन्नर यावे म्हणून मालकाने त्याला एका केशभूषाकाराकडे शिकायला ठेवले.

मग सगळेच उलटले. ऑगस्ट १७९१ मध्ये साँ-दोमिंगचे गुलाम उठले, मळे पेटले आणि पुढची बारा-तेरा वर्षे तिथे रक्त सांडत राहिले. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. मालमत्तेचे काय झाले ते पाहायला गेलेला जाँ बेरार तिकडेच आजारी पडून वारला. न्यूयॉर्कच्या ज्या पेढीत पैसे गुंतवले होते ती बुडाली. तरुण विधवा मारी बेरार परक्या शहरात उघडी पडली. घरात कमावणारा एकच होता, तिचा गुलाम पिएर.

त्या काळी न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू बायका केसांचे मोठे मनोरे रचून घेत. ते काम तासन्‌तास चाले आणि त्याचे पैसेही चांगले मिळत. पिएर यांचा हात सफाईदार होता आणि जीभ ताब्यात होती. या घरची गोष्ट त्या घरी नेणे त्यांनी कधी केले नाही. त्यामुळे श्रीमंत घरांची दारे त्यांना उघडली. सकाळी सहाच्या मिस्साला बार्कले स्ट्रीटवरच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये जायचे आणि तिथून पायी घरोघर. रोज मिस्साला जाण्याचा हा नेम त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे पाळला. मिळालेल्या पैशातून ते मालकिणीचे घर चालवत. त्यांचे पहिले चरित्र हॅना ली या लेखिकेने लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. मालकिणीवर चाळीस डॉलरचे देणे झाले. तिने आपले दागिने पिएर यांच्या हाती दिले आणि विकून ये म्हणून सांगितले. काही दिवसांनी त्यांनी तिच्यापुढे दोन पुडकी ठेवली. एकात चाळीस डॉलर होते, दुसऱ्यात तिचेच दागिने.

हे वाचताना आम्हाला पहिल्यांदा कौतुक वाटले आणि नंतर अस्वस्थही वाटले. ज्या बाईच्या नावावर आपण एखाद्या टेबल-खुर्चीसारखे लिहिलेलो आहोत, तिलाच आपल्या कमाईवर पोसायचे? न्यूयॉर्क राज्याने १७९९ साली गुलामगिरी हळूहळू बंद करण्याचा कायदा केला होता. शहरात मुक्त काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. पिएर यांच्याकडे पैसे होते, ओळखी होत्या. तरी मालकिणीच्या मृत्यूपर्यंत ते गुलामच राहिले. १८०७ साली मरणशय्येवर असताना तिने त्यांच्या मुक्ततेचा कागद करून दिला. मधल्या काळात साठवलेला पैसा त्यांनी बहिणीला सोडवण्यासाठी ठेवला होता. रोझालीची मुक्तता त्यांनी पैसे मोजून घेतली. ज्युलिएत नोएल हिचीही तशीच घेतली आणि १८११ मध्ये तिच्याशी लग्न केले. आणखीही काही गुलाम त्यांच्या पैशाने सुटले.

या दांपत्याला मूल झाले नाही. रोझाली क्षयाने गेली, तेव्हा तिची तान्ही मुलगी युफेमी त्यांनी आपल्या घरी आणली. अशक्त, किरकिरे मूल, जगेल की नाही अशी स्थिती. पिएर तिला कडेवर घेऊन मोकळ्या हवेत फिरवत. ती लिहायला शिकल्यावर दर आठवड्याला मामाला एक पत्र लिहायची, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही. ती पत्रे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. १८२९ मध्ये चौदाव्या वर्षी तिलाही क्षयाने नेले. त्यानंतर कित्येक दिवस पिएर कोणाशी नीट बोलू शकले नाहीत.

त्यांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. अनाथ काळी मुले तिथे वाढत, हुन्नर शिकत आणि पिएर यांच्या ओळखीने त्यांना काम मिळे. पीतज्वराची आणि पटकीची साथ आली की लोक शहर सोडून पळत, गल्ल्या अडवल्या जात. अशा गल्ल्यांत शिरून पिएर आजाऱ्यांची सेवा करत. संत एलिझाबेथ सीटन यांच्या धर्मभगिनी चालवत असलेल्या अनाथाश्रमासाठी ते आपल्या गिऱ्हाइकांकडे पैसे मागत. त्या आश्रमातली मुले प्रामुख्याने गोऱ्या आयरिश स्थलांतरितांची होती. शिवाय बाल्टिमोरमध्ये १८२९ साली मदर मेरी लँग यांनी काळ्या धर्मभगिनींचा संघ काढला, त्यालाही ते मदत पाठवत. मलबेरी स्ट्रीटवर शहराचे पहिले सेंट पॅट्रिक कथीड्रल उभे राहिले, त्यासाठीही त्यांनी हातभार लावला होता. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता मैत्रीविषयी. साँ-दोमिंगहून पळून आलेले कितीतरी फ्रेंच मळेवाले न्यूयॉर्कमध्ये कंगाल झाले होते. कालपर्यंत शेकडो गुलामांचे मालक, आज उधारीवर पाव घेणारे. पिएर त्यांच्याकडे पाठ फिरवू शकले असते. कोणी दोषही दिला नसता. पण त्यांनी अनेकांना सांभाळले. हॅना ली सांगतात की एका अशा गृहस्थाकडे रोज चांगले शिजवलेले जेवण पोहोचायचे. ते जुन्या फ्रेंच मित्रांकडून येते अशी त्याची समजूत होती आणि तो तसे अभिमानाने सांगायचा. ते जेवण पिएर पाठवत होते. काळ्या माणसाच्या घरचे आहे हे कळले तर त्याला कदाचित गोड लागणार नाही, म्हणून त्यांनी ते कधी कळू दिले नाही.

या गोष्टीवर आम्ही बराच विचार केला. परोपकार म्हणून ती फार सुंदर आहे. पण वर्णद्वेषाशी लढा म्हणून पाहिली तर? त्या गृहस्थाला सत्य कळलेच नाही. त्याचा पूर्वग्रह पोट भरून जेवला आणि तसाच राहिला.

सगळेच तसे नव्हते. मेरी ॲना श्युलर ही मोठ्या घराण्यातील प्रॉटेस्टंट बाई पिएर यांची जिवाभावाची मैत्रीण होती. ती त्यांना संत पिएर म्हणायची. हॅना ली ही तिचीच बहीण. १८३५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये मोठी आग लागली आणि पिएर यांची बरीचशी बचत बुडाली, तेव्हा गोऱ्या मित्रांनी वर्गणी काढण्याची तयारी दाखवली. त्यांनी ती नाकारली. अधिक गरजू लोक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही मैत्री खोटी होती असे कोणी म्हणू नये. ज्या समाजात काळा माणूस म्हणजे नोकर एवढीच ओळख, तिथे एका काळ्या माणसाला विश्वासाने मनातले सांगणे, त्याच्या दुःखात रडणे, ही लहान गोष्ट नव्हती.

पण हे मित्र ज्या शहरात राहत होते, त्या शहराचे नियम पाहा. घोड्यांनी ओढायच्या बसमध्ये काळ्या माणसाला बसू देत नसत. साठी उलटलेले पिएर उन्हाळ्यात आणि बर्फातही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. मैत्रिणींना त्याचे वाईट वाटे, त्या हळहळत. त्यांच्यापैकी कोणी त्या बसवाल्यांशी भांडल्याचे मात्र त्या चरित्रात दिसत नाही. शिवाय मुक्त असलेल्या काळ्या माणसांनाही पळवून दक्षिणेत विकणाऱ्या टोळ्या फिरत असत. १८५० च्या कायद्याने ती भीती आणखी वाढली.

आणि १८४२ साली ती घटना घडली. पिएर आणि ज्युलिएत सेंट पॅट्रिक कथीड्रलमध्ये गेले होते. ज्याच्या बांधकामाला त्यांचे पैसे लागले, तेच कथीड्रल. जागा दाखवणाऱ्या तरुणाने त्यांना रंगावरून अडवले आणि बाहेर काढले. कोणाला अडवतो आहे हे त्याला ठाऊक नव्हते. बातमी पसरल्यावर विश्वस्त मंडळाचे प्रमुख लुई बिन्स यांनी माफीचे पत्र लिहिले. पत्र कळकळीचे आहे, त्यात खरी लाज आहे. पण त्यात एक विचार असा येतो की देवाने तुमची कातडी काळी केली असली तरी तुमचे मन बर्फासारखे शुभ्र केले आहे. माफी मागतानाही चांगुलपणाचा रंग पांढराच! लिहिणाऱ्याला त्यात काही खटकले नाही. आणि ती माफी पिएर तुसाँ यांना मागितली गेली. त्या दिवशी एखादा अनोळखी काळा हमाल दारात असता, तर पत्र कोणी लिहिले असते?

आम्हाला वाटते, या सगळ्या मैत्रीची मर्यादा इथेच आहे. मित्रांनी पिएर यांना आपल्या पूर्वग्रहातून वगळले, पूर्वग्रह टाकला नाही. हे आपल्यालाही नवे नाही. आपल्या घरांतही एखाद्या जातीविषयी वाटेल ते बोलले जाते आणि त्या जातीतला ओळखीचा कोणी निघाला की तो तसा नाही हो, असे म्हणून पुन्हा तेच बोलणे चालू होते. लग्न जुळवताना आणि घर भाड्याने देताना तर ख्रिस्ती म्हणवणाऱ्या आपल्यातही हे चालते.

पिएर स्वतः चळवळीत कधी पडले नाहीत. गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्यांविषयी विचारले की ते म्हणत, त्या लोकांनी मी ऐकले-पाहिले तसे रक्त वाहताना पाहिलेले नाही. ४ जुलै १८२७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी पूर्ण संपली. काळ्या समाजाच्या उत्सवी मिरवणुकीचे पुढारपण घ्यायला त्यांना विचारले गेले, पण त्यांनी नकार दिला. आपले स्वातंत्र्य आपल्याला राज्याने दिलेले नाही, मालकिणीने दिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच शहरात, त्याच वर्षी, काळ्या लोकांचे पहिले वर्तमानपत्र निघाले होते. त्याच शहरात डेव्हिड रगल्स हा काळा तरुण पळून आलेल्या शेकडो गुलामांना लपवत होता, कोर्टात झगडत होता, मार खात होता. आपल्या ख्रिस्तसभेबद्दलही खरे सांगायला हवे. पोप सोळावे ग्रेगरी यांनी डिसेंबर १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. तरी अमेरिकेतील बिशप हा निषेध आपल्या देशातील गुलामगिरीला लागू नाही, असा अर्थ लावत राहिले.

१८५१ मध्ये ज्युलिएत गेली. ३० जून १८५३ रोजी पिएर यांनीही देह ठेवला. सेंट पीटर्स चर्चमधील त्यांच्या अंत्यविधीला काळे आणि गोरे, श्रीमंत आणि दरिद्री अशी गर्दी झाली होती. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिले. जुन्या सेंट पॅट्रिकच्या दफनभूमीत, ज्युलिएत आणि युफेमी यांच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले.

पुढच्याच वर्षी, १६ जुलै १८५४ ला, रविवारी, एलिझाबेथ जेनिंग्स नावाची काळी शिक्षिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला निघाली होती. घाई होती म्हणून ती घोड्यांच्या ट्रामगाडीत चढली. कंडक्टरने उतरायला सांगितले, ती उतरली नाही. तिला ओढून खाली पाडले. तिने कंपनीवर खटला भरला. तिचा वकील चेस्टर आर्थर हा अगदी तरुण गोरा माणूस होता आणि पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १८५५ मध्ये कोर्टाने निकाल तिच्या बाजूने दिला, कंपनीला २२५ डॉलर भरपाई द्यावी लागली आणि त्या कंपनीच्या गाड्या काळ्या प्रवाशांना खुल्या झाल्या. पिएर यांची चाळीस वर्षांची मैत्री जी जागा मिळवू शकली नाही, ती एका भांडणाने मिळाली.

आणि जुलै १८६३ मध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. जमावाने काळ्या माणसांना पकडून फाशी दिली. फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला. दोनशेहून अधिक मुलांना शिक्षकांनी मागच्या दाराने बाहेर काढले म्हणून ती वाचली. त्या जमावात आयरिश कॅथलिक बरेच होते. ज्यांच्या अनाथ मुलांसाठी पिएर यांनी दारोदार पैसे मागितले, त्याच समाजातले. त्यांच्या झोपड्यांपर्यंत श्युलरबाईंच्या दिवाणखान्यातली मैत्री पोहोचली नव्हती. ती पोहोचावी अशी अपेक्षा एका माणसाकडून करणेही योग्य नाही.

मग पिएर चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. वर्णद्वेष घालवायची युक्ती म्हणून त्यांनी मैत्री केलीच नव्हती. समोरचा उपाशी आहे, आजारी आहे, एकटा आहे, एवढेच ते पाहत. गोऱ्या बायकांनी दिलेल्या डॉलरांतून काळी माणसे गुलामीतून सुटली, हे काम भाषणांनी झाले नसते. जेनिंग्सबाईंचे काम मात्र त्यांच्या हातून होणारे नव्हते. ज्यांना ते जमते त्यांना पिएर यांचे नाव सांगून गप्प बसवणे, हा पिएर यांच्यावरही अन्याय आहे. १९९० च्या दशकात त्यांच्या संतपदाचे काम पुढे सरकू लागले, तेव्हा अमेरिकेतील काही काळ्या कॅथलिकांनी हाच आक्षेप घेतला. आम्हाला आमच्या लढ्याचा संत हवा, मालकाची सेवा करणारा कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. तो आक्षेप रागाचा असला तरी उगाच नव्हता. काळ्या माणसाने सोसावे आणि त्या सोसण्याला गोऱ्यांनी पवित्र म्हणावे, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. उलट बाजूला, त्याच शहरातले हैतीचे अनेक कॅथलिक पिएर यांच्यावर जीव टाकतात.

त्यांची कबर मधल्या काळात विस्मरणात गेली होती. १९४१ साली जुन्या दफनभूमीत ती पुन्हा सापडली. १९९० मध्ये कार्डिनल जॉन ओकॉनर यांच्या कारकिर्दीत त्यांच्या अस्थी काढून फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या नव्या कथीड्रलच्या तळघरात ठेवण्यात आल्या. १७ डिसेंबर १९९६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. ज्यांच्या संघाला ते पैसे पाठवत त्या मदर मेरी लँग यांनाही २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तोच मान दिला. आपल्यापैकी कोणी न्यूयॉर्कला गेले, तर मुख्य वेदीपाशी क्षणभर थांबून पिएर यांच्यासाठी एक प्रार्थना करावी. वेळ असेल तर तिथून मलबेरी स्ट्रीटच्या जुन्या चर्चलाही जावे. तो दरवाजाही पाहून यावा.